गोदामातला सोफा

गल्लीतले भानुदासकाका आमच्या घरी रोज यायचे, पण कधी बसायचे नाहीत. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, हातात चहाची बशी. आई म्हणायची, "भाऊजी, टेका की जरा." "टेकतो की वहिनी, टेकायला काय," असं म्हणत ते चहा संपवायचे आणि चालू लागायचे. काम मंडपवाल्याकडे. दिवसभर लोकांच्या लग्नात खुर्च्या मांडायच्या, गालिचे अंथरायचे, नवरा-नवरीचा सोफा उचलून स्टेजवर ठेवायचा. माझे वडील रिक्षा चालवत. ते चिडवायचे, "एवढ्या खुर्च्या मांडतो, त्यातली एक बी तुझ्या नशिबात नाय का रे?" काका म्हणायचे, "मांडणाऱ्यानं बसायचं नसतं. बसला की पाव्हणा होतो."

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहायचं मनात आहे, पण लिहायला घेतलं की ते डोळ्यांसमोर एका जागी थांबतच नाहीत.

आई सांगते, पूर्वी ते असे नव्हते. चितेगावच्या एका कंपनीत होते, सुट्टीच्या दिवशी दारात पाय पसरून दुपार घालवायचे. मग रेखाकाकू काविळीत गेल्या. मागे दोन मुली, अश्विनी सातवीत आणि सोनी दुसरीत. कंपनीतली रात्रपाळी चुकत नव्हती आणि मुलींना आत ठेवून बाहेरून कुलूप लावणं काकांना जमेना. त्यांनी कंपनी सोडली. मंडपाच्या कामावर मुलींना सोबत नेता येई. तिकडे लग्न लागायचं आणि या दोघी शेवटच्या रांगेत गृहपाठ करत बसायच्या. पण लग्नसराई संपली की काम संपे, आणि काका गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहत.

अशाच एका रिकाम्या पावसाळ्यात वैजापूरहून मुलींचे मामा आले. कांद्याचा व्यापार, माणूस भला. म्हणाले, "दाजी, घरात बाईमाणूस नाय. दिवाळीला धाकटीला न्हेतो मी. जम बसला की आणा परत." परत आणणं होत नसतं, हे मामांनाही माहीत होतं आणि काकांनाही. काका एवढंच म्हणाले, "बघू." त्या दिवशी ते आमच्या दारात येत राहिले आणि न बोलता परत जात राहिले.

गल्लीत एका विधवा बाईंना निराधारचं अनुदान मिळत होतं. काका तहसिलीत गेले. तिथे सांगितलं, हे विधवांसाठी आहे, पुरुषाला नाही. तिथून ते थेट आमच्या उंबऱ्यावर आले. "म्हंजे बाई मेली तर माणसाचं काय जात नाय व्हय?"

मग अंगणवाडीच्या ताईंनी बालसंगोपन योजनेचं सांगितलं. आई गेलेली असो वा बाप, मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत त्यांच्यासाठी दरमहा मदत मिळते. काका अर्ज घेऊन माझ्याकडे आले. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. "तूच लिही. आपल्या गल्लीत कॉलेजात जाणारी तू एकटी." माझं शिक्षण कुणाच्या उपयोगी पडण्याची ती पहिली वेळ. आमच्या घरात माझ्या आधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. पुढच्या वर्षीच्या फीचा विषय निघाला तेव्हा वडील म्हणाले, "शिकू द्या. भानुदासला बी कामी येती." काकांचे हे उपकार त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हते.

निरोप आला की अर्जाच्या चौकशीसाठी सरकारी ऑफिसातल्या मॅडम गृहभेटीला येणार. आमच्याकडे घर बघायला माणसं येतात ती मुलीच्या लग्नासाठी, आणि त्या दिवशी घरात असेल-नसेल ते सगळं बाहेर काढायचं असतं. काकांना दुसरी रीत माहीत नव्हती. शिवाय मनात भीती. "फाटकं घर बघून म्हणतील, हा काय पोरी सांभाळणार?" त्यांनी मालकाला विचारून गोदामातला सोफा आणला, लाल मखमलीचा, सोनेरी पायांचा. गालिचा अंथरला, झालरीचा पडदा लावला. आमचा कूलरही तिकडे गेला. मी तोंड उघडलं तर म्हणाले, "हे माझ्या धंद्यातलं हाय. तू फक्त लिवायचं बघ." पत्र्याच्या त्या खोलीत आता फक्त नवरा-नवरी यायची बाकी होती.

मॅडम सोफ्यावर बसल्या, सरबत घेतलं आणि त्यांनी विचारलं, "हे सगळं तुमचंच का?"

पाहुण्यासमोर उसनं आणलंय असं कोण सांगतं? काका म्हणाले, "व्हय."

अर्ज नामंजूर झाला. आर्थिक स्थिती चांगली असल्याचा शेरा होता. वडील हसू लागले, पण काकांचा चेहरा पाहून थांबले. काका म्हणाले, "मला वाटलं, पोरींची जागा बघाया येत्यात. त्या तर माझी गरिबी बघाया आल्या होत्या."

दिवाळी जवळ येत होती. आम्ही पुन्हा अर्ज केला. सोफा कुठला होता, तेही त्यात लिहायला त्यांनीच सांगितलं. "लाज वाटती, पर लिही." गल्लीतून सल्ले येऊ लागले. सिलेंडर लपव, फाटका सदरा घाल, भांडी आमच्याकडे आणून ठेव. काका एकदम भडकले. "आता गरिबीचा मंडप घालू व्हय? ते बी खोटंच की!" मग ते चालत सुटले ते अंधार पडल्यावरच परतले. अर्जाचं काय झालं ते कळेना. काका सकाळी घर झाडायचे, दुपारी पुन्हा झाडायचे. मामांचा फोन आला की तो खिशातच वाजू द्यायचे.

मॅडम आल्या त्या न सांगता. काका सोनीची वेणी घालत होते, भांग वाकडा. खोलीत खुर्ची नव्हती. ते धावत आमच्याकडे आले. मी खुर्ची घेऊन गेले तोवर मॅडम चटईवर बसल्याही होत्या.

"भानुदासभाऊ, बसा."

"बसतो की." काकांनी पाणी दिलं. दोरीवरचे कपडे काढले. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "तुम्ही बसल्याशिवाय मी काही विचारणार नाही."

काका पुन्हा खिडकीकडे वळले. अश्विनीच पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "ते बसत नसतात मॅडम. बसले की आईचं नाव काढतात, मग स्वयंपाक राहतो."

काकांनी अश्विनीकडे पाहिलं. मग चौकटीला पाठ लावून ते हळूहळू खाली सरकले आणि बसले. सोनी अर्ध्या वेणीसह त्यांच्यासमोर येऊन पाठमोरी बसली. मॅडम विचारत गेल्या, काका वेणी घालत उत्तरं देत गेले. डोळे वाहत होते, पण हात थांबले नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर दोन्ही मुलींच्या नावे मंजुरीचा आदेश आला.

भाऊबीजेला, बहीण नसलेल्या घरी, मामा आले. काकांनी सकाळीच गोदामातला सोफा आणून ठेवला होता. आईने कपाळावर हात मारला. "भाऊजी, पुन्हा?"

"वहिनी, तवा तपासणी होती. आज पाव्हणा हाय."

मामा सोफ्यावर बसले. मी आदेश वाचून दाखवला. मामांनी खाली पाहत टोपी गुडघ्यावर सारखी केली आणि विचारलं, "सोने, येती का गं माझ्याबरोबर?"

"सुट्टीत येते," सोनी म्हणाली.

मामांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "बरं," ते म्हणाले. "मग दाजी, आता तरी बसा की राव."

काका मामांच्या शेजारी जाऊन बसले. लाल मखमलीवर दोघे गडी, हात मांडीवर, नजर समोर. वडिलांना राहवलं नाही. "अक्षता आणू का रे?" आधी मामा हसले, मग काका. काकूंच्या जाण्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं ते तेव्हाच. हसणं थांबल्यावरही ते उठले नाहीत. त्या दिवशी स्वयंपाक आईने केला.

संध्याकाळी मालकाचा टेम्पो सोफा न्यायला आला. मुली आधीच त्यावर चढून बसल्या होत्या. काका म्हणाले, "राहू द्या, गोदामापर्यंत येऊ द्या." सोफा तसाच मुलींसकट उचलून टेम्पोत ठेवला आणि काकाही मागोमाग चढले. सगळी गल्ली बघायला बाहेर आली. सोनी दोन्ही बाजूंना हात हलवत होती, अश्विनी लाजून तिला आवरत होती. टेम्पो वळणावर गेला तेव्हा सोनीचा आवाज आला, "बाबा, जागा हाय, बसा की!"

"बसतो की," काका म्हणाले. दोघींच्या मागे, सोफ्याची पाठ घट्ट धरून, ते उभेच होते.