आधी क्वार्टरबॅक की आधी भिंत?

आखातातल्या बिन महमूद वस्तीतल्या त्या रत्नागिरीच्या न्हाव्याचं नाव मी कधी विचारलं नाही. विषयात रस वाटला की त्याची कात्री हवेतच थांबायची.

एकदा खुर्चीतला अमेरिकन इंजिनियर तावातावाने सांगत होता, की सतत हरणाऱ्या त्याच्या आवडत्या अमेरिकन फुटबॉल टीमने नव्या खेळाडूंमधून सगळ्यात आधी क्वार्टरबॅकच उचलावा.

"तो करतो काय?" बाकावर नंबराची वाट बघणाऱ्या मला न्हाव्याने मराठीत विचारलं.

"चेंडू फेकतो. पण त्याला वाचवणारी पुढची फळी कच्ची आहे. म्हणून दरवर्षी नवा येतो आणि आडवा होतो."

कात्री थांबली. "सर, आधी भिंत बांधा," त्याने मोडक्या इंग्रजीत सुचवलं.

"भिंतीच्या नावाची जर्सी कोण विकत घेणार?" अमेरिकन उसळला.

न्हावी माझ्याकडे वळला. "भाऊ, ही टीम नाय, कपड्याचं दुकान आहे."