न पाहिलेलं कॅरोलायना

बसच्या काचेवर धूळ असायचीच. काका तिच्यावर बोटानं त्रिकोण काढायचे आणि म्हणायचे, "हे बघ. वर डोंगर, मधे लाल माती, खाली खाडी. आपलं कोकणच!" महबूल्यातल्या आमच्या वस्तीवरून रिफायनरीकडे जाणाऱ्या त्या पहाटेच्या बसमध्ये आम्ही बाकीचे पेंगत असायचो. कुवेतमध्ये माझी बारा वर्षं झाली होती, त्यांची वीस. त्या अर्धवट झोपेत भूगोल कुणाला हवा होता?

तो त्रिकोण म्हणजे अमेरिकेतलं साउथ कॅरोलायना. काकांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन तिकडे गेली होती. आम्हा सगळ्यांचेच हे काका मूळचे राजापूरकडचे, आमच्या प्लांटवर इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. यंत्राला हात लावण्याआधी त्याचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची त्यांची पद्धत. मुलीचं राज्यही त्यांनी तसंच वाचून काढलं. असा एखादा अभ्यासू माणूस तुम्हीही पाहिला असेल. समोरचा ऐकतोय की नाही, याची त्याला फिकीर नसते.

"खाडीकाठी पूर्वी भात व्हायचा," एकदा ते म्हणाले. "त्यासाठी आफ्रिकेतून माणसं धरून नेली. भाताची अक्कल त्यांची, शेत मालकाचं." मग बसमधल्या माना टाकलेल्या माणसांकडे बघून म्हणाले, "आपल्याला निदान परतीचं तिकीट तरी आहे."

मुलीला दिवस गेले, तेव्हा काका-काकू दोघंही व्हिसाच्या मुलाखतीला गेले. काकू एका खिडकीवर "मुलीचं बाळंतपण" एवढंच म्हणाल्या आणि सुटल्या. दुसऱ्या खिडकीवरच्या बाईंनी काकांना विचारलं, किती दिवस राहणार? सरळ 'तीन महिने' म्हणायचं की नाही! पण एवढा अभ्यास वाया कसा घालवायचा? काकांनी वादळांचे महिने सांगितले, ते टाळून कधी जाणं बरं ते सांगितलं, मग नद्या सुरू केल्या. एवढी माहिती असलेला माणूस परत कशाला येईल, असं बाईंना वाटलं असावं. व्हिसा नाकारला.

"अभ्यास जास्त झाला रे," काका म्हणाले. मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. काकू एकट्याच गेल्या. नात झाली, तिचं पहिलं रडणं काकांनी फोनवर ऐकलं.

पुढच्या वर्षीही नकारच. नात चार वर्षांची झाली तेव्हा एकदाचा व्हिसा मिळाला, पण तोवर जावयानं नोकरी बदलून मिनेसोटा गाठलं होतं.

"अहो काका, नात तर भेटेल ना?" मी म्हटलं.

"भेटेल की. पण कॅरोलायनात आता आपलं कोण राहिलं?" स्वतःचं गाव सुटावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

त्यांची निवृत्तीही आलीच होती. ते मिनेसोटाला गेले ते कुवेतला परतलेच नाहीत. अमेरिकेतून परस्पर राजापूरला जाणार होते. बसमध्ये त्यांच्या जागी एक मल्याळी वेल्डर बसू लागला. तो चढल्याबरोबर झोपायचा. मला मात्र आता झोप लागेना.

एका शुक्रवारी न राहवून मी फोन लावला. "काका, मिनेसोटा कसं आहे?"

"काय माहीत," काका अगदी हळू आवाजात म्हणाले. "आल्यापासून नात मांडीवरून उतरत नाही. खिडकीपर्यंतसुद्धा गेलो नाही अजून."