राजाच्या पायातला मोजा

कलाकेंद्रात सगळे त्यांना ‘बैठे काका’ म्हणत, कारण उभी हयात त्यांनी तिथे बसून काढली. चित्रं शिकणाऱ्या मुलांसमोर उंच स्टुलावर बसायचं आणि हलायचं नाही, हीच त्यांची नोकरी. बायकोला ती कधी पटली नाही. ती लाँड्रीवाल्यांचे फाटके कपडे रफू करून डोळे फोडून घ्यायची, आणि नुसतं बसायचा पगार देणारा शहाणा जगात असेल यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

“कुठंतरी पत्ते कुटत असणार,” ती शेजारणीला ऐकवायची. काकांना ते लागायचं. फार लागायचं.

केंद्राला पन्नास वर्षं झाली, प्रदर्शनासाठी गोदामातली झाडून सगळी चित्रं बाहेर निघाली, आणि काका नवा शर्ट चढवून बायकोला म्हणाले, “चल. भिंतीभर मीच आहे. आज बघच!”

ती आली. भिंतीभर माणसं होती. एकालाही डोकं नव्हतं.

दोष जुन्या मास्तरांचा. चित्र पायापासून वर चढवायचं, हा त्यांचा हट्ट. घर काय छपरापासून बांधतात का, असं ते विचारायचे. मुलं पावलांशी, गुडघ्यांशी झगडत वर यायची आणि गळ्याशी पोचेपर्यंत घंटा व्हायची. पुढच्या वर्गाला नवी बैठक, पुन्हा पाऊल. एक राजा होता, त्याचा मुकुट मांडीवर होता, कारण ठेवायला दुसरी जागाच नव्हती. एक न्हावी आणि त्याचं गिऱ्हाईक होतं, दोन्ही काकाच, आणि दोघांत मिळून एकही कान नव्हता. काकांना हे आजच कळत होतं. समोर बसणाऱ्याला चित्राची पाठच दिसते.

तिकडे संचालकांचं भाषण रंगात आलं होतं. “आपल्या कलाकारांना मस्तकाचा मोह कधीच नव्हता!” टाळ्या पडल्या.

बायकोने राजाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “तुम्हाला डोकं नाही हे मी लग्नापासून सांगतेय. पण हे तुम्हीच, कशावरून?”

काकांनी तिची पर्स हिसकावून मुकुटासारखी मांडीवर घेतली आणि राजाखालच्या बाकावर तसेच बसले. हात तसाच, पोटही तसंच. चार माणसं जमली.

“हुबेहूब आहे,” एकजण म्हणाला, “पण डोकं जरा जास्त झालंय.”

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बैठक मोडायची सवय नव्हती, म्हणून पुसलं नाही.

तेवढ्यात बायको राजाच्या पायाशी वाकली. कपाळावरचा चष्मा तिने खाली ओढला. राजाच्या पायात मोजे होते. वर्गातली फरशी गार, म्हणून काका मोजे काढायचे नाहीत, आणि दिसेल तेच काढा असं मास्तरांचं सांगणं. टाचेवर हिरव्या दोऱ्याची रफू होती. त्या हिवाळ्यात काळा दोरा संपला होता.

“अहो, ही माझी रफू!” ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की संचालक वाक्य अर्धं टाकून वळले.

मग ती थांबेचना. न्हाव्याची टाच, गिऱ्हाइकाचा अंगठा, शेवटच्या भिंतीवरच्या सेनापतीचा घोटा. “हा टाका माझा. हाही माझाच!” अख्खं दालन तिच्यामागे वाकून टाचा बघत फिरलं.

ती परत येऊन बाकावर टेकली.

“खरंच बसत होता हो तुम्ही. आणि मी काय काय बोलले.” तिने आपल्या पदराने त्यांचे डोळे पुसले. मग राजाच्या गळ्यावरच्या रिकाम्या जागेकडे तिची नजर गेली. तिथे ती बराच वेळ बघत राहिली, फाटक्या कोपराकडे बघावं तशी.

“एवढं राहिलंय तेवढं मी भरते,” ती म्हणाली. “उद्यापासून माझ्यासमोर बसा. मी वरून सुरू करते.”