गिटारवाल्यांची फळी

आमच्या इमारतीत त्यांना सगळे गिटारवाले म्हणत. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव न वाचता पत्र त्यांच्या दाराखालून सरकवी. सव्वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या समारंभात गिटार वाजवली. लग्नं, कंपन्यांचे वर्धापनदिन, हॉटेलांचे हॉल. समोरची माणसं जेवत असत, बोलत असत, क्वचित एखादं माणूस ऐकतही असे. ते म्हणत, "आपलं वाजवणं म्हणजे ताटाशेजारचं पाणी. असलं तर कुणाच्या ध्यानात येत नाही, नसलं तर घास अडकतो."

गिटार हातांनी वाजते असा आपला समज असतो. निम्मी पायांनी वाजते. वाजवणाऱ्याच्या पुढ्यात साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठ्या लोखंडी डब्या असतात, त्यांना पेडल म्हणतात. एक दाबली की आवाज घुमतो, दुसरी दाबली की खरखरतो, तिसरीने त्याला लांब शेपूट फुटतं. गिटारवाल्यांकडे अशा नऊ होत्या. त्या नऊ आणि त्यांच्या वायरींचं जंजाळ एका फळीवर पक्कं बसवलेलं असे. ती फळी टेम्पोत आदळायची, जिन्यावरून घरंगळायची, कुणी ना कुणी तिच्यावर सरबत सांडायचं. त्यांची पहिली फळी म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार. ते अकरा वर्षं टिकलं. अकरा वर्षं त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, बिनदाराचं कपाट वापरलं.

दार झिजलं, आणि मग एका वर्षात तीन फळ्या मोडल्या. जाड प्लायवूडची, टणक प्लास्टिकची आणि दुकानातून मुद्दाम आणलेली अ‍ॅल्युमिनियमची. गिटारवाले कारखान्यांना बोल लावत. हल्ली मालच हलका येतो म्हणत. पण तिसरी फळी भर कार्यक्रमात तडकली, गिटार मुकी झाली, आणि हॉलच्या व्यवस्थापकाने जाताना सांगितलं, की पुन्हा असं झालं तर आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल. या वयात दुसरा धंदा कोण देणार? तेव्हा ते तिन्ही मोडक्या फळ्या पोत्यात घालून मेव्हण्याकडे गेले.

मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी खाटा बनवायचा. सल्ला सोडून फुकट काही द्यायचा नाही, आणि सल्ला मात्र मागावा लागायचा नाही. गिटारवाल्यांनी मागणी सांगितली, वरून ट्रक गेला तरी वाकू नये अशी फळी हवी. मेव्हण्याने विचारलं, "भावजी, तुम्ही गाणी वाजवता की रस्ता करता?"

चेष्टा केली खरी, पण त्याने तिन्ही फळ्या जमिनीवर ओळीने मांडल्या आणि उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. तिन्हींना तडा एकाच ठिकाणी होता, उजव्या बाजूच्या पेडलखाली. तीन वेगळे माल, तीन वेगळे कारखाने, सगळे एकाच जागी कसे चुकतील? तो उठला. म्हणाला, बूट काढा, पावलाचं माप घेतो, म्हणजे पेडलमध्ये अंतर किती ठेवायचं ते ठरेल. त्याने पत्रा पसरला, खडू घेतला.

गिटारवाल्यांनी उजवा बूट काढला आणि त्यातून टण्णकन एक स्क्रू पडला.

तो पेडलचाच होता. तीन दिवस ते तो शोधत होते, झाडताना केरात गेला म्हणून बायकोवर डाफरलेही होते. त्यांना आनंदच झाला, सापडला म्हणून. मेव्हणा स्क्रूकडे बघत नव्हता. मोजा अंगठ्याखाली काळपट लाल झाला होता आणि कातडीला चिकटला होता.

"दुखत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

गिटारवाले भिंतीकडे बघत म्हणाले, सात-आठ महिने झाले असतील. साखरेचा आजार जुनाच होता. आधी पावलाला मुंग्या यायच्या, मग मुंग्याही निघून गेल्या. पेडल दाबलं गेलं की नाही ते पायाला कळेना, म्हणून ते जोराने दाबू लागले. तेही कळेना, तेव्हा टाच उचलून हाणू लागले. घरी सांगितलं असतं तर बायकोने तीन तास उभं राहू दिलं नसतं. म्हणून स्वतःचे मोजे स्वतः धुवायला लागले. जन्मात रुमाल न धुतलेला हा माणूस मोजे धुतो, म्हणून वहिनी सगळ्या मजल्यांवर कौतुक सांगत होत्या.

मेव्हण्याने खडू खाली ठेवला. "फळ्या मोडत होत्या हे नशीब समजा, भावजी. मी लोखंडाची दिली असती, तर ती टिकली असती. मोडला असता तो पाय."

अकरा वाजता, ऐन कामाच्या वेळी, त्याने शटर ओढलं आणि त्यांना स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. वहिनी धावत आल्या. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. खाटेशी उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "म्हणून मोजे धुत होतात होय."

अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. पाय वाचला. गेलेली जाणीव परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. चार महिने गिटारवाले घरी होते. तेवढ्यात त्यांच्या बऱ्याचशा जागा दुसऱ्यांनी घेतल्या. कुणाचं चुकलं नाही, समारंभ थांबत नाहीत.

जखम भरल्यावर मेव्हणा घरी आला, पत्रा आणि खडू घेऊन. त्याने पुन्हा पावलाभोवती रेघ ओढली. रेघ अंगठ्यावरून वळली आणि मध्येच खाली उतरून पुढच्या बोटाकडे गेली. वहिनींनी चहा आणून ठेवला, तो निवला.

शेवटी मेव्हणा म्हणाला, नऊ जमणार नाहीत, तीनच ठेवा. गिटारवाल्यांना त्या तीन निवडायला दोन दिवस लागले. एक डबी बाजूला ठेवत, तासाभराने परत आणत. उरलेल्या सहा त्यांनी पुसून कपाटात ठेवल्या.

फळी झाली ती साधीच. उतरता पत्रा, प्रत्येक पेडलवर वाटीएवढी लाकडी चकती, मध्ये एक पाऊल मावेल एवढं अंतर, आणि प्रत्येकाखाली रबराचा मऊ थर. बसून वाजवायला एक स्टूल. गिटारवाल्यांनी सवयीने विचारलं, टिकेल ना?

"नाही टिकणार," मेव्हणा म्हणाला. "जोरात हाणलंत तर आधी रबर फाटेल. फाटलं की माझ्याकडे यायचं. फळी घेऊन आणि पाय घेऊन."

आता महिन्याला दोन-तीन कार्यक्रम मिळतात, तेही लहान हॉलचे. रबर आजवर दोनदा फाटलं. दोन्ही वेळा मेव्हण्याने आधी मोजा काढायला लावला, मग फळी हातात घेतली.