आठ खोल्या, आठ धुराडी

“सिद्धेश, भिंतीला घाम सुटलाय आन तू तिला रेनकोट घालाय निघालास व्हय?”

सिद्धेश ट्रस्टचा सुपरवायझर. त्यानं सिमेंटची गोणी ओट्यावर टेकवली. “चिमाजीमामा, साहेबांनी प्लास्टर सांगितलंय. सोमवारी इंजिनिअर येणार. भिंत ओली दिसली की खोल्या धोकादायक ठरवून सगळ्या म्हाताऱ्यांना भोसरीला हलवतील. चौथ्या मजल्यावर.”

“लिफ्ट हाय?”

“बसवणार म्हणे.”

खोलीतल्या बाजेवरून तिथं राहणारी चतुराबाई बोलली, “चार मजलं चढून मी वर जाईन, ती कायमचीच.”

चिंचवडच्या कडेला राणीच्या राज्यात कुण्या शेटनं निराधारांसाठी बांधलेल्या या आठ दगडी खोल्या. नकाशा विलायती. दारावर टोकदार कमान, उतरतं कौलारू छप्पर, खोलीगणिक भिंतीत चूल अन् वर दगडी धुराडं. चिमाजी चाकणकडचा गवंडी. हयात कंपन्यांच्या काँक्रीटात गेली, पण चुन्याचं काम आज्याच्या हाताखाली शिकलेला. त्यामुळं इथली डागडुजी वीस वर्षं त्याच्याच गळ्यात.

त्यानं भिंतीला तळवा लावला. गार, वलागच्च. चुन्यातली भिंत वारा खेळला तरच सुकती, अन् वारा वर जायचा तो धुराड्यातनं. चुलीत डोकं घालून त्यानं वर पाहिलं. मिट्ट काळोख.

“हे बुजवलं कुठल्या शहाण्यानं?” सिद्धेशनं विचारलं.

चिमाजी केसांतली काजळी झटकू लागला. चतुराबाईनं पदर तोंडाला लावला. “त्याच शहाण्याला इचार की. पारवं घाण करायचं म्हनून म्या सांगितलं. माझं बघून बाकीच्या सातजणींनी बी बुजवून घेतलं.”

तीन वर्षांमागं चिमाजीनंच, तिच्या हातची भजी खाऊन, सिमेंटनं, वर गुळगुळीत घोटून. आज्यानं थापी फेकून मारली असती.

शिडी लावून चिमाजी छपरावर गेला. अर्धा तास छिन्नी चालली तेव्हा कुठं सिमेंटचं झाकण फुटून धाडकन चुलीत पडलं.

“मुडद्या, माझं अंथरूण,” खालनं चतुराबाई.

तिनं चुलीत कागद पेटवला. धूर आधी खोलीभर झाला, सगळे खोकले. मग सरळ वर चढला.

“सोमवारपर्यंत सुकेल?” सिद्धेश.

“तीन वर्सांची वल तीन दिसांत जाती व्हय? इंजिनेराला हा धूर दाव. म्हनावं, दुखणं भिंतीचं न्हाई, गवंड्याचं हाय. माझं नाव लिहून दे. आन ही गोणी परत नेऊन पारव्यांसाठी जाळी आण.”

चिमाजीनं शिडी उचलून शेजारच्या खोलीला लावली.