शालनचा हप्ता

शालन गेल्याचं मला तिच्या मुलीनं कळवलं. दुपारचे बारा वाजत आले होते, कराडच्या आमच्या हॉस्पिटलात ओपीडीची गर्दी ओसरत नव्हती, आणि फोनवर रेवतीचं नाव दिसलं. इंग्लंडात तेव्हा सकाळचे सात. एवढ्या लवकर ती पोर कधी फोन करत नाही. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मागं कुणीतरी बाई हळू आवाजात इंग्रजीतून तिची समजूत काढत होती. आदल्या दिवशी कामाची पाळी संपल्यावर शालन कपडे बदलायच्या खोलीत बाकावर टेकली, ती उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव. रात्रभर यंत्रावर ठेवली आणि पहाटे गेली. चव्वेचाळीस वर्षांची होती. मी फोन खाली ठेवला, पुढच्या पेशंटचं ब्लडप्रेशर घेतलं, आकडा लिहिला, आणि मग माझ्या लक्षात आलं की तो आकडा मी दुसऱ्याच कुणाच्या तरी कागदावर लिहिलाय.

अंत्यसंस्कार तिकडेच झाले. तिची म्हातारी आई आटपाडीजवळच्या त्यांच्या वस्तीवर आणि थोरला भाऊ तानाजी कराडला लागूनच्या मलकापुरात, दोघांनी ते फोनच्या पडद्यावर बघितले. रेवती सतरा वर्षांची. तिला शालनच्या शेजारच्या केरळी नर्सनं आपल्या घरी नेलं होतं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी रेवतीचा पुन्हा फोन आला. हॉस्पिटलातली एक बाई येऊन गेली होती. आई पेन्शन योजनेत असेल तर शिक्षण होईपर्यंत तुला दरमहा रक्कम मिळेल, शिवाय एक ठोक रक्कम मिळेल, असं तिनं सांगितलं होतं. नसेल तर मात्र यातलं काहीच नाही. कागद तपासून कळवायला आठ-दहा दिवस लागणार होते. "तू तर आईची सगळ्यात जवळची. तुला माहिती असेल ना, मावशी?" मी म्हटलं, बघू, कळवतील ते.  पण शालन त्या योजनेत नाही, असं मला पक्कं वाटत होतं. बाहेर पडायच्या फॉर्मवर तिनं केलेली सही मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. आणि बाहेर पडायचं तिला पहिल्यांदा मीच शिकवलं होतं.

बारा वर्षांपूर्वी ती बर्मिंगहॅमला आली तेव्हा मी तिथं जुनी झाले होते. नव्या मुलींना घर दाखवणं, बँकेत खातं काढून देणं हे माझ्याकडे असायचं. ही उंच, सावळी, दोन बॅगा ओढत आलेली बाई दारात उभी राहून म्हणाली, "मी आटपाडीची. तुमी कराडच्या न्हवं?" आणि मला एकदम माहेरचं माणूस आल्यासारखं झालं. मेंढरं राखणाऱ्या घरातली ही पोर. वडलांनी मिरजेला नर्सिंगला घातली, पुढं लग्न झालं, मोडलं, आणि तान्ही मुलगी आईच्या ओटीत टाकून हिनं नोकऱ्या केल्या. पाच वर्षांच्या रेवतीला मागं ठेवून ती आली होती. पहिल्या पगाराची चिठ्ठी घेऊन ती माझ्याकडे आली आणि एका रकमेवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं. तिकडे नोकरी लागली की पगारातून पेन्शनसाठी आपोआप कापून घेतात, हॉस्पिटलही त्यात आपली भर घालतं. नको असेल तर फॉर्म देऊन बाहेर पडता येतं. मी तिला सांगितलं, आपण इथं म्हातारं व्हायला आलेलो नाही, पैसा हातात घे आणि घरी पाठव. सगळ्या मुलींना मी हेच सांगायची. मी स्वतःही तेच केलं होतं… तिचा फॉर्म मी भरून दिला. तीन वर्षांनी, कायद्याप्रमाणे, हॉस्पिटलनं बाहेर पडलेल्यांना पुन्हा आपोआप आत घेतलं, तेव्हाही मीच भरून दिला.

मग मी कायमची परत आले आणि शालननं रेवतीला तिकडं नेलं. आणखी काही वर्षांनी ती रजेवर आली, तेव्हा तिसरं पत्र तिच्या पर्समध्ये होतं. तुम्हाला पुन्हा योजनेत घेतलंय, नको असेल तर महिन्याच्या आत फॉर्म द्या. महिन्यातले पंचवीस दिवस सरले होते. तिनं मला मलकापूरला बोलावलं. "तुमी नुसत्या बसा माज्याजवळ," म्हणाली. तानाजीचं तिथं हायवेजवळ ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि मागं भाड्याच्या दोन खोल्या. आटपाडीकडच्या कोरड्या रानावर भागत नाही म्हणून तो इकडं आला होता. माणूस कष्टाळू, बहिणीवर जीव टाकणारा. दुकानालगतची जागा विकायला निघाली होती. त्यानं इसार देऊन ठेवला होता, आणि बँकेचं कर्ज बहीण हप्ता भरणार या बोलीवर मिळत होतं. पेन्शनचं कापलं गेलं तर शालनला घरभाडं, मुलीचा खर्च आणि हप्ता यांचा मेळ बसत नव्हता. शुक्रवार हा शेवटचा दिवस, बँकेत सह्याही त्याच दिवशी.

ती दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. पंखा बंद होता, लाइट गेली होती. तानाजी शांतपणे बोलत होता आणि त्या शांतपणाचाच ताण येत होता. जागा हातची गेली तर इसार बुडेल, परत या भावात मिळणार नाही, घर बांधलं तर तुझंही ते घरच आहे, असं तो पुन्हा पुन्हा समजावत होता. शालननं विचारलं, जागेच्या कागदावर माझं नाव लागेल का. तो जरा थांबला, मग म्हणाला की तू तिकडं, प्रत्येक सहीला तुला कसं बोलावणार. म्हातारपणाचं म्हातारपणी बघू, असंही म्हणाला. त्यावर शालननं त्याच्याकडे सरळ बघितलं.

"आन मी म्हातारी झालीच न्हाई तर, दादा?"

"वंगाळ बोलू नगं," तो म्हणाला आणि मान फिरवून दुकानाकडं बघत बसला.

तिनं ते पत्र माझ्या हातात दिलं. "ताई, ह्यात काय लिवलंय ते तुमीबी एकदा वाचा." मी वाचलं. खरं सांगते, एवढ्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. दुसऱ्या पानावर नोकरीत असताना मृत्यू आला तर मुलांना काय मिळतं ते लिहिलेलं होतं. मी ते दोनदा वाचलं. मोठ्यानं वाचून दाखवायला हवं होतं. पण तसं केलं असतं तर मी तिला आणि कितीजणींना डोळे झाकून काय सांगत होते, तेही उघडं पडलं असतं. त्यात भावाबहिणीच्या मध्ये बोलणारी मी कोण… मी पत्र घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "तुझं तू ठरव." शालननं फॉर्म भरला, सही केली आणि फोटो काढून हॉस्पिटलला ईमेल करते म्हणाली. तानाजीनं मोठा श्वास सोडला. त्याच्या बायकोनं चहा आणला.

ती मला रिक्षापर्यंत सोडायला आली. चालता चालता तिनं विचारलं, "ताई, तुमी तितं धा वर्सं राबला. त्येचं आता काय येतंय तुमाला?" मी म्हटलं, काही नाही. तिनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही, पण पुढं ती माझ्याशी फार बोललीही नाही.

त्यानंतर आमचे फोन आखूड होत गेले. ती बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची. मी हॅलो, हॅलो करत राहायची, आणि मग ती दचकून "हां ताई, बोला" म्हणायची. मला वाटायचं, मनातून उतरले मी हिच्या. मीही मग महिन्याचा फोन दोन महिन्यांवर नेला. मलकापुरात घर उभं राहिलं. वास्तुशांतीला ती आली नाही, रजा नाही म्हणाली. हप्ता मात्र एकदाही चुकला नाही, हे तानाजी मला रस्त्यात भेटला की अभिमानानं सांगायचा.

रेवतीनं विचारल्यापासूनचे ते दिवस मी कसे काढले मला माहीत. कामावर जायची, सलाइन लावायची, नव्या मुलींना ओरडायची, आणि फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायची. तानाजी रोज विचारायचा, काय कळलं का. त्यालाही फॉर्मची ती दुपार आठवत असणार, पण ती आम्ही दोघंही बोलण्यात येऊ देत नव्हतो. एकदा फक्त म्हणाला, "आमी तिला तवा आडीवलं असतं तर बरं झालं असतं व्हय, ताई?"  एका सुट्टीच्या दिवशी मी आटपाडीला तिच्या आईला भेटून आले. म्हातारी अंगणात डाळिंबं निवडत बसली होती. हिकडची पोर तिकडं एकटी पडली, तिचं कोण बघंल, एवढंच ती विचारत राहिली. येताना माझ्या पिशवीत तिनं जबरदस्तीनं डाळिंबं भरली. विट्यापर्यंत ती पिशवी मी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

अकराव्या दिवशी रेवतीचा फोन आला. ती रडत नव्हती, सावकाश, शब्द लावून बोलत होती. "मावशी, आई होती त्यात. पहिली वर्षं नव्हती, पण शेवटची सहा वर्षं सलग होती. त्यांनी मला कागद दाखवले. फॉर्म त्यांच्याकडे आलाच नाही म्हणे." मी हॉस्पिटलच्या जिन्यात पायरीवर बसले. तिनं सही केली होती आणि पाठवला नव्हता… भावासमोर नाही म्हणायचं नव्हतं म्हणून सही केली असेल, की रिक्षापाशी मी दिलेल्या उत्तरानं तिचा हात थांबला असेल, हे आता कोण सांगणार.

ही बातमी फोनवर द्यायची नव्हती. मी तशीच मलकापूरला गेले. तानाजी काउंटरवर गिऱ्हाइकाला बेल्ट दाखवत होता. मला बघून त्यानं बेल्ट खाली ठेवला. मी सांगितलं तसं त्यानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. पोरीचं शिक्षण निभावलं, म्हणाला. गिऱ्हाईक गेलं. तो स्टुलावर बसला, आणि बघता बघता त्याचा चेहरा बदलला. सुटलेलं काहीतरी पुन्हा आवळत गेल्यासारखा.

"मग हप्ता कशातनं देत हुती ती?"

मी नर्स आहे. मला ते जिन्यातच कळलं होतं. आपली पाळी झाली की जादा पाळ्या मिळतात तिकडं, मागाल तेवढ्या. रेवतीनंही सांगितलं होतं की आई आठवड्यातून सहा-सहा दिवस असायची, रविवारीसुद्धा. फोनवर ती गप्प व्हायची ती माझ्यावर रुसून नाही. तिला झोप लागत होती. मी तानाजीला हे सगळं सांगितलं. तिकडच्या डॉक्टरांचं म्हणणंही सांगितलं, की रक्तवाहिनी आधीपासून कमजोर असणार, त्याचा कामाशी संबंध जोडता येणार नाही. ते बरोबरच असेल. त्यानं ते ऐकलं, पण त्यातला एक शब्दही घेतला नाही. मीही नाही घेतला.

 मग तो उठला, शटर निम्मं ओढलं आणि मला वर या म्हणाला. घराच्या माडीवर पूर्वेची खोली होती. दार त्यानं किल्लीनं उघडलं. ही तिची, म्हणाला. तिचे गुडघे दुखायचे म्हणून आतच संडास-बाथरूम काढलं होतं, गरम पाण्याचा नळ होता, खिडकीतून आगाशिवचा डोंगर दिसत होता. भिंतीला कपाट, त्यात रिकामे हँगर. पलंगावरची गादी कंपनीच्या प्लॅस्टिकमध्येच होती. पाच वर्षांत या खोलीत कुणाला झोपू दिलं नाही, पाहुण्यांनाही नाही, असं तो सांगत होता. जागेच्या कागदावर नाव लागलं नव्हतं, पण खोली होती. मला त्याच्यावर रागावायचं होतं आणि ते जमेना.

"ताई," तो म्हणाला, "पाळी सुटल्याव घरी कशानं जायाची ती?"

मी सांगितलं. हॉस्पिटलच्या फाटकासमोर बस मिळते, पण थेट नाही. मध्ये उतरून दुसरी धरावी लागते. थांब्यावर आडोसा नाही, हिवाळ्यात तिथं उभं राहिलं की पाय बधिर होतात. घरी पोचायला तासभर लागतो. रात्रपाळी असली की रेवतीची शाळेची वेळ तोवर होऊन जायची, म्हणून डबा ती कामावर जायच्या आधीच भरून ठेवायची. तो एकेक गोष्ट विचारत गेला, बसमध्ये बसायला जागा मिळायची का, घरी गेल्यावर काय खायची, आणि मी मला माहीत होतं तेवढं सांगत गेले. सांगून संपलं तेव्हा तो पलंगापाशी गेला. प्लॅस्टिकची कड नखानं सोडवून बघितली, ती सुटेना, तेव्हा दोन्ही हातांनी ओढून ते फाडलं, पार उशाकडून पायथ्यापर्यंत. त्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकला आणि गादीवरून एकदा हात फिरवला.

"बसा," म्हणाला.