खंडेनवमीची रॅम

माझा स्वभाव मुळातच उतावळा. एसटी वळणावर दिसली की मी सगळ्यांना ढकलत दारापाशी पोचलेली. चुलीवर ठेवलेलं दूध मला सोपवायचं नाही, असा घरात नियमच होता. अशा मुलीच्या वाट्याला दादाचा जुना, रडतखडत चालणारा लॅपटॉप आला.

दादा भिवंडीत एका गोदामात कामाला होता. डी.एड. अर्ध्यावर सोडून तो तिकडे गेला, तेव्हापासून बाबा त्याच्याशी बोलत नसत. बाबा आश्रमशाळेत मास्तर. मुलानेही मास्तर व्हावं एवढंच त्यांचं म्हणणं होतं. दादा मोखाड्याला घरी आला की दोघांचं बोलणं आईमार्फत चाले. "त्याला सांग, चहा निवतोय." चहा समोर, तो समोर, आणि निरोप आईकडे! मला चीड यायची. आईला चीड येत नसे, रडू यायचं.

गणपतीत आला तेव्हा दादा लॅपटॉप माझ्यासाठी घेऊन आला. त्यात गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. एकाच कीबोर्डवर आम्ही दोघं खेळायचो. बाणांची बटणं त्याला, डावीकडची अक्षरं मला. पण यंत्र दमेकरी. ऐन वळणावर चित्र गोठायचं, आणि सुटायचं तेव्हा माझी गाडी खड्ड्यात गेलेली असायची. चित्र गोठलं की दादा हात मागे टेकून काहीबाही सांगत बसे. खोलीवर पाणी पहाटेच येतं, डाळ रोज करपते, असलं काही. माझं लक्ष कुठलं! मी बटणं बडवण्यात गुंग. शेवटी "ह्यात काय मजा नाय" म्हणून तो उठला आणि ठरल्याच्या आदल्या दिवशीच दुपारच्या गाडीने गेला.

गाडी गेल्यावर आईने मला गाठलं. "दसऱ्याला येणाराय तो. काहीही कर, पण चार दिवस थांबव त्याला. घरात राहिला तं कधीतरी बोलतील दोघं."

माझ्या डोक्यात एकच उपाय बसला. गेम नीट चालला की दादा थांबेल. तेव्हा मोखाड्यात असलं काही मिळत नसे, म्हणून मी नाशिक गाठलं. दुकानदाराला म्हटलं, मेमरी वाढवली तर गेम सुधारेल का? तो म्हणाला, "ताई, अडकणं कमी होईल. चित्र काही देखणं होणार नाही, ते काम दुसऱ्या भागाचं. पण गेम पळेल." पळेल, हा शब्द मला पुरेसा होता. रॅमची ती बोटाएवढी हिरवी पट्टी मी परतीच्या वाटेवर मांडीवरून हलू दिली नाही. त्र्यंबकच्या पुढे बस हिंदकळायला लागली तशी मी ती दोन्ही हातांनी धरून बसले.

दादा आला तो नेमका खंडेनवमीला. सकाळीच आईने पूजा मांडली होती. कोयता, विळा, कात्री, बाबांचं पेन, आणि मधोमध लॅपटॉप आणि पिशवीतून काढलेली ती पट्टी. आमच्याकडे पूजेला मांडलेल्या वस्तूला दसरा उजाडेपर्यंत हात लावत नाहीत. भाजीसुद्धा आई आदल्या दिवशी चिरून ठेवते. मी दिवसभर ओटी ते परसदार येरझारा घातल्या. शेवटी न राहवून तिला म्हटलं, "एवढीशी पट्टी, ती काय हत्यार आहे का?"

"तुझ्या दादाला थांबवणार ना ती?" आई हळूच म्हणाली. "मग हत्यारच."

दादा अंगणात बसून होता, बाबा ओट्यावर पेपरात तोंड खुपसून. त्या दिवशी निरोपसुद्धा कमीच गेले.

दसऱ्याच्या सकाळी आईने पूजा उचलली. दादाने लॅपटॉपचं मागचं झाकण उघडून जुनी पट्टी काढली. नवी मीच हिसकावून खुपसली. बटण दाबलं. स्क्रीन काळीच. पुन्हा दाबलं, तर आतून नुसतं टीं टीं. मी रडकुंडीला आले. दादाने पट्टी बाहेर काढून उजेडात धरली आणि हसायलाच लागला. आईने कोयत्याला लावलं तसंच तिलाही ओलं हळदकुंकू लावलं होतं, आणि तेही नेमकं जोडणीचे सोनेरी दात चमकत होते त्याच कडेला.

"खोडरबर पायजे," दादा म्हणाला. "आमच्या रूमवरचा एक जण असंच घासतो."

घरात खोडरबर एकाकडेच. आई काही बोलायच्या आत बाबा खिशात हात घालत उठले. खोडरबर त्यांनी दादाला दिला नाही. स्वतःच त्याच्यासमोर बसले, हात पुढे करून पट्टी घेतली आणि घासायला लागले.

"एवढ्या जोरात नको, बाबा."

"मला शिकवू नको."

हे आईमार्फत नव्हतं. आई चौकट धरून उभी राहिली. दात एकेक करून उजळत होते आणि दोघांची डोकी पट्टीवर वाकलेली होती. जरा वेळाने बाबांनी मान वर न करता विचारलं, "जेवायचं काय करता तिकडं?"

"आळीपाळीने करतो. डाळ करपते रोज."

पट्टी बसली, लॅपटॉप सुरू झाला. दुकानदार खोटं बोलला नव्हता. गेम पळाला. कुठल्याच वळणावर गोठला नाही, त्यामुळे कुणी काही बोललंही नाही. बाबा पुन्हा पेपराकडे गेले. दादाने भराभर सगळ्या शर्यती जिंकल्या, "झकास झालं गं आता" म्हणाला आणि घड्याळ पाहिलं. दुपारची गाडी मिळत होती.

मला त्या लॅपटॉपचा असा राग आला की उचलून विहिरीत टाकावा. जे अडकणं काढायला मी नाशिकपर्यंत धावले होते, तेच आता मला हवं होतं. आई कुंकवाचा करंडा घेऊन माझ्या कानाशी आली.

"अजून एक बोट लावू का गं?"

मला हसू आलं नाही. दादा दारात बसून बूट घालत होता. तेवढ्यात बाबा ओट्यावरून उठून त्याच्यापाशी आले. एका हातात खोडरबर, दुसऱ्या हातात सकाळी काढून ठेवलेली जुनी पट्टी. तिला कुंकवाचा ठिपकाही लागलेला नव्हता.

"ही पण घासून ठेवू," ते दादाकडे बघून म्हणाले. "बस जरा. मला एकट्याला जमायचं नाय."

दादाने पायात चढवलेला एक बूट काढून बाजूला ठेवला.